मकरंदांतील रानटी यीस्ट

आसवें आणि अरिष्टें करतांना वैद्य त्यांत धायटीचीं फुलें घालतात, हें आपल्यापैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. त्या फुलांबरोबर रानटी यीस्ट आंत जातें व काढा आंबूं लागतो. पाव फुगविणाऱ्या यीस्टचेच हे भाईबंद. यांचें बिऱ्हाड मात्र फुलांत.

फुलांवर यांच्या नाना जाती आढळतात, पण मकरंदांत टिकाव धरणाऱ्या थोड्याच. भुंग्याच्या सोंडेवर बसून कितीहि जाती आल्या तरी मकरंद हा साखरेचा दाट पाक, आणि तो बहुतेकींच्या पेशींतलें पाणीच ओढून घेतो. मुरांबा टिकतो तो याच कारणानें. या पाकांत निभावणाऱ्यांमध्यें मेट्श्निकोविया वर्गांतील जाती अग्रेसर होत.

आतां, हे पाहुणे नुसते फुकटे काय? स्पेनच्या आग्नेय भागांतील डोंगरांत हेलेबोर नांवाची वनस्पति ऐन थंडींत फुलते. साखर पचवितांना यीस्ट जी उष्णता सोडतें तिनें या फुलांतला मकरंद बाहेरच्या हवेहून ६ अंश सेंटिग्रेडपर्यंत ऊबदार होतो, असें कार्लोस एरेरा व मारिया पोझो यांनीं २०१० सालीं दाखविलें. घरभाड्यापोटीं शेगडी पेटवून दिली म्हणावयाची! पण सरपण घरमालकाचेंच. खर्ची पडते ती फुलाची साखर. भुंग्यांना हा सौदा पसंत असतो. यीस्ट असलेल्या फुलांकडे ते अधिक ओढ घेतात. झाडाला मात्र तो महाग पडतो. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा फुलांना बीं कमी धरलें.