थंडीतला प्रकाश – भाग ९ : सोन्याचा अँटेना, नायोबियमची तार

हेलियमच्या शीतयंत्राचा भाग या आठवड्यात येणार होता. तो पुढच्या आठवड्यावर गेला आहे, कारण सांगलीच्या एका वाचकांनी पाठवलेला प्रश्न डावलून पुढे जाववत नाही. ते विचारतात : तुमची अतिवाहक तार शंभर नॅनोमीटर रुंद आणि जेमतेम पाच नॅनोमीटर जाड. तिच्यावर येणाऱ्या अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी १५५० नॅनोमीटर, म्हणजे तारेच्या रुंदीच्या पंधरा पट. एवढीशी तार एवढी मोठी लाट पकडते कशी?

खरं सांगायचं तर एकटी तार ती पकडतच नाही. पाच नॅनोमीटरच्या थरातून बहुतेक प्रकाश आरपार निघून जातो. फोटॉन तारेत शोषला गेला की पुढे काय होतं ते आपण पाहिलंच आहे. तिथे एक ठिपका तापतो, तारेची पूर्ण रुंदी क्षणभर अतिवाहकता गमावते, प्रवाह बाहेरच्या वर्धकाकडे वळतो आणि पडद्यावर एक टोकदार शिखर उमटतं. पण मुळात फोटॉनला तारेत शोषलं जायला भाग पाडायचं कसं, हा वेगळाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातली निम्मी कारागिरी त्यातच खर्च झाली आहे.

सर्वांत जास्त चालणारा उपाय आरशाचा. तार नागमोडी घड्या घालत पसरवायची, म्हणजे ती दहा-पंधरा मायक्रोमीटरचा चौकोन झाकते. आणि खाली मोजून पाव तरंगलांबीच्या अंतरावर आरसा ठेवायचा. सुटून गेलेला प्रकाश परत येतो आणि येणारी-जाणारी लाट तारेपाशीच एकमेकींना बळ देतात. २०१३ साली अमेरिकेतल्या निस्ट आणि जेपीएल या संस्थांमधल्या संशोधकांनी टंगस्टन सिलिसाइडच्या तारेवर हीच युक्ती वापरून १५५० नॅनोमीटरला ९३ टक्के कार्यक्षमता गाठली. ११ डिसेंबर २०२३ला ‘सायकी’ यानाने ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून लेझरने मांजराचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा पालोमारच्या पाच मीटरच्या दुर्बिणीमागे याच जातीच्या तारा बसल्या होत्या.

मात्र नागमोडी तारेची एक किंमत मोजावी लागते. चौकोन मोठा करायचा तर तार लांब करावी लागते. अतिवाहकात वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांना जडत्व असतं. एकदा बाहेर वळलेला प्रवाह पूर्ववत व्हायला तार जितकी लांब तितका जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तार आंधळी असते. म्हणजे जास्त प्रकाश हवा तर वेग सोडा, वेग हवा तर प्रकाश सोडा. ही कोंडी फोडायला अँटेना येतो. पकडण्याचं काम त्याच्याकडे द्यायचं आणि ओळखण्याचं काम आखूड तारेकडे ठेवायचं.

इथे चाणाक्ष वाचक विचारील की अँटेनाही त्याच अतिवाहकाचा का करू नये? शून्य रोध असलेल्या धातूहून चांगला अँटेना कोणता? हा माझा फार आवडता मुद्दा आहे. अतिवाहक बिनरोध असतो तो एका मर्यादेपर्यंतच. नायोबियमची मर्यादा साधारण ७०० गिगाहर्ट्झ. त्याहून वरच्या लाटेचा एकेक फोटॉन इलेक्ट्रॉनांची जोडी फोडू शकतो, आणि मग धातू ती लाट गिळायला लागतो. १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाची वारंवारता याच्या पावणेतीनशे पट आहे. त्या एका फोटॉनमध्ये शंभराहून अधिक जोड्या फोडण्याइतकी ऊर्जा असते. शोधक म्हणून अतिवाहक उत्तम ठरतो तो यामुळेच, आणि अवरक्तासाठी अँटेना म्हणून कुचकामी ठरतो तोही यामुळेच. तिथे सोनंच लागतं.

सोन्यालाही या वारंवारतेत जुने नियम जसेच्या तसे लागू पडत नाहीत. गच्चीवरच्या टीव्हीच्या अँटेनाची मुख्य दांडी जवळपास अर्ध्या तरंगलांबीइतकी असायची. अवरक्तासाठी तोच हिशेब केला तर ७७५ नॅनोमीटर निघतात. पण इथे प्रकाश सोन्याच्या पृष्ठभागावर न थांबता वीस-पंचवीस नॅनोमीटर आत शिरतो आणि आतले इलेक्ट्रॉन लाटेच्या मागे पडत जातात. म्हणून दांडी हिशेबापेक्षा आखूड करावी लागते. शिवाय सोनं थोडा प्रकाश स्वतःच खातं, आणि तो कायमचा गेला.

एवढं सांभाळून २०११ साली एमआयटीत शाओलाँग हू, कार्ल बर्गरेन आणि सहकाऱ्यांनी नायोबियम नायट्राइडच्या तारांच्या मधल्या जागेत सोनं भरलं. सोन्याच्या पट्ट्यांमुळे प्रकाशाचं विद्युत क्षेत्र अरुंद फटींत एकवटतं, आणि तार नेमकी त्या फटीत असते. ९ मायक्रोमीटरच्या चौकोनावर ४७ टक्के कार्यक्षमता आली आणि तार ५ नॅनोसेकंदांत पुन्हा सज्ज होऊ लागली. दोन्ही गोष्टी एकत्र, हे महत्त्वाचं. अट एकच : विद्युत क्षेत्राची दिशा तारेला आडवी हवी. साध्या नागमोडी तारेला नेमकी उलटी, तारेला समांतर दिशा मानवते.

जाता जाता एक माणूस. १९२८ साली डब्लिनच्या एडवर्ड हचिन्सन सिंज यांनी आइन्स्टाइनला पत्र लिहून सुचवलं होतं की एका अतिसूक्ष्म कणावर प्रकाश टाकला तर त्या कणाचाच चिमुकला दिवा करता येईल. पुढे त्याच वर्षी त्यांनी लेख छापला तो मात्र कणाऐवजी सूक्ष्म छिद्राचा. कणाची कल्पना पत्रातच राहिली. प्रकाशाच्या अँटेनाचा पूर्वज म्हणून ते पत्रच मला लेखाहून मोलाचं वाटतं.

तर सांगलीकरांना माझा कौल असा. १५५० नॅनोमीटरला आजही आरसाच सरस आहे. अँटेनाची गरज पडते ती शोधक अगदी छोटा आणि चपळ हवा असतो तेव्हा. लाट मिलीमीटरच्या घरात गेली की बाजू पार उलटते. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीने १५० गिगाहर्ट्झला नायोबियमच्या थरात कोरलेल्या फटींचे अँटेना वापरले. ७०० गिगाहर्ट्झच्या मर्यादेच्या खूप खाली असल्याने तिथे अँटेनाही अतिवाहक आणि शोधकही अतिवाहक.

पुढच्या आठवड्यात शीतयंत्र नक्की. चौथ्या भागाचं कात्रण ज्यांनी ठेवलं असेल त्यांनी त्यातली तापमानांची चौकट हाताशी ठेवावी, तिची गरज पडेल.