कार्ड रिकामं दिसलं तरी घाई करू नका

आज हप्त्यांचं आणि कर्जाचं बोलणं बाजूला ठेवू. आज बोलायचंय कॅमेऱ्यातल्या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कार्डाबद्दल. शक्य असेल तर वही-पेन जवळ घ्या, मधेमधे लिहून घेण्यासारखं आहे.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. आमच्या ग्रामसंघाकडे एक कॅमेरा आहे. तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या गटांचा तीन दिवस स्टॉल होता. कुरडया, शेवया, काळा मसाला असा माल. फोटो काढायचं काम एका गटाच्या सचिवताईंकडे होतं. आठवड्याभराने अहवालाला फोटो लागले, म्हणून त्या आणि मी कार्ड घेऊन बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने कार्ड लावलं आणि स्क्रीनवर एक चौकट आली. तो म्हणाला, "ताई, कार्ड गेलंय. फॉरमॅट मारून देतो, परत चालू होईल." आणि माउसचा बाण त्याने 'येस'वर नेलासुद्धा. सचिवताईंनी त्याचा हातच धरला. म्हणाल्या, "थांब बाळा, त्यात आक्का आहेत."

आक्का म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या सभासद. प्रदर्शनानंतर चारच दिवसांनी त्या गेल्या. घरात त्यांचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा, तेवढाच. स्टॉलवर हसत मसाला तोलतानाचा त्यांचा एक फोटो होता, तो त्या कार्डात होता.

पुढे काय झालं ते शेवटी सांगते. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. फोटो कॉम्प्युटरवर येत नाहीत म्हणजे ते गेले असं नाही. बहुतेक वेळा फोटो जागच्या जागी असतात, वाटेत कुठेतरी अडथळा असतो. फोटो खरे जातात ते घाईत आपण जे बटण दाबतो त्याने.

आधी हे तीन करायचं नाही

पहिलं, कार्ड दिसत नसेल किंवा रिकामं दिसत असेल, तर त्यात नवीन फोटो काढायचे नाहीत. दुसरं, 'फॉरमॅट करू का?' असं कॉम्प्युटरने किंवा कॅमेऱ्याने विचारलं तर 'नो' किंवा 'कॅन्सल' म्हणायचं. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. तिसरं, फोटो कॉम्प्युटरवर आलेले डोळ्यांनी बघितल्याशिवाय कार्डातले डिलीट करायचे नाहीत.

आणखी एक सोय बघून ठेवा. मोठं कार्ड असेल तर त्याची लेबलाची बाजू आपल्याकडे करून सरळ धरा. डाव्या कडेला एक बारीक खटका दिसेल. तो खाली सरकवला की कार्डाला कुलूप लागतं. मग त्यातलं वाचता येतं, पण पुसता येत नाही. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लावण्याआधी हा खटका खाली करा. आपले फोटोही सांभाळले जातात आणि तिथला व्हायरसही कार्डात शिरत नाही. मोबाईलच्या बारक्या कार्डाला हा खटका नसतो, पण ते ज्या मोठ्या खोळीत घालून लावतात त्या अडॅप्टरला असतो. परत फोटो काढताना मात्र खटका वर करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा 'कार्ड लॉक आहे' म्हणून अडून बसतो.

कार्डच दिसत नाही, तेव्हा

शेताला पाणी पोहोचलं नाही तर आपण काय करतो? विहिरीत पाणी आहे का बघतो, मोटर चालू आहे का बघतो, मग पाईप कुठे फुटलाय ते शोधतो. इथेही तसंच. कार्ड ही विहीर, केबल किंवा कार्ड रीडर हा पाईप आणि कॉम्प्युटर हे शेत. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दोन-तीन एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

सुरुवात विहिरीपासून. कार्ड परत कॅमेऱ्यात घाला आणि फोटो बघायचं बटण दाबा. त्यावर बहुधा तिरका त्रिकोण असतो. कॅमेऱ्यात फोटो दिसले, तर जीव भांड्यात पडू द्या. कार्ड ठीक आहे, दोष पुढच्या वाटेत आहे.

कॅमेऱ्यातही दिसले नाहीत, तर कार्ड काढून त्याच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ, कोरड्या, मऊ कापडाने हलकेच पुसा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो. पदराच्या पिठाळ टोकाने तर मुळीच पुसू नका. कार्ड नीट, खट असा आवाज येईपर्यंत आत बसवा.

आता पाईप. कॅमेरा केबलने जोडत असाल तर कॅमेरा चालू हवा आणि त्याची बॅटरी भरलेली हवी. ही चूक आम्ही सगळ्यांनी केली आहे, केबल जोडली पण कॅमेरा बंदच. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून फोटो जात नाहीत. म्हणून कॅमेऱ्यासोबत आलेलीच केबल वापरा आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ठेवा. केबल सैल बसत असेल तर दुसऱ्या खाचेत लावून बघा. कॉम्प्युटरच्या उभ्या डब्याच्या पुढच्या खाचा कधीकधी खराब झालेल्या असतात, मागच्या बाजूच्या खाचेत काम होऊन जातं.

केबल नसेल तर कार्ड रीडर घ्या. साधा रीडर शे-दोनशे रुपयांत मिळतो, गटाच्या कपाटात असावा. पण एक बघा. कार्डावर एसडी, एसडीएचसी किंवा एसडीएक्ससी असं लिहिलेलं असतं. २ जीबीपर्यंतचं कार्ड साधं एसडी, त्यावरचं ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसी आणि ३२ च्या वरचं, म्हणजे ६४ जीबी वगैरे, एसडीएक्ससी. जुन्या रीडरला आणि जुन्या कॉम्प्युटरला नवीन मोठं कार्ड वाचताच येत नाही. मोडी न येणाऱ्या माणसापुढे मोडीतला कागद ठेवला तर तो म्हणेल यात नुसत्या रेघोट्या आहेत. तसं कॉम्प्युटर म्हणतो, 'यात काही नाही, फॉरमॅट करा.' चूक कागदाची नसते.

शेवटी शेत. कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा. तरी नाही झालं तर तेच कार्ड दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. ग्रामपंचायतीत, शाळेत, जिथे जमेल तिथे. दुसरीकडे दिसलं तर पहिल्या कॉम्प्युटरचा दोष. कुठेच दिसलं नाही, तेव्हाच कार्डावर शंका घ्या.

कार्ड दिसतंय, पण फोटो नाहीत

कार्ड उघडल्यावर डी, सी, आय, एम अशी चार इंग्रजी अक्षरं लिहिलेला फोल्डर शोधा. जवळजवळ सगळे कॅमेरे फोटो त्यातच ठेवतात. त्याच्या आत १०० किंवा १०१ अशा आकड्यांनी सुरू होणारे फोल्डर असतात. एकाहून जास्त असतील तर सगळे उघडून बघा, पुढचे फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये असू शकतात.

तिथेही नसतील तर आठवा, फोटो काढताना कॅमेऱ्यात कार्ड होतं का? काही कॅमेऱ्यांच्या पोटातही थोडी जागा असते. कार्ड नसताना काढलेले फोटो तिथे जातात. अशा वेळी कार्ड बाहेर काढून कॅमेऱ्यात फोटो बघा, आणि दिसले तर कॅमेराच केबलने जोडा.

कधी फोल्डरच्या जागी बाकदार बाणाची छोटी खूण असलेली चित्रं दिसतात, किंवा फोल्डर गायबच झालेला असतो. हा बहुधा व्हायरसचा खेळ. तो फोल्डर लपवतो आणि त्या नावाची खोटी खूण ठेवतो. त्या खुणेवर क्लिक करू नका. जाणत्या माणसाला 'लपलेल्या फाईल दाखव' म्हणजे 'हिडन आयटम्स' चालू करायला सांगा. फोटो तिथे सापडतात.

आणि तारखेकडे बघा. कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली की त्याची तारीख मागे जाऊ शकते. मग कालचे फोटो कॉम्प्युटरमध्ये दहा वर्षांपूर्वीच्या तारखेखाली जाऊन बसतात आणि आपण म्हणतो हरवले.

मधेच अडकलं तर

दोनशे फोटो एकदम उचलले आणि मधेच थांबलं, तर वीस-वीस करून घ्या. एखादाच फोटो खराब असेल तर तो सापडतो, बाकीचे सुखरूप येतात. कॉम्प्युटरमध्ये जागा शिल्लक आहे का तेही बघा.

फोटो उचलताना नेहमी कॉपी करा, कट करू नका. कॉपी म्हणजे झेरॉक्स, मूळ कागद आपल्याकडेच राहतो. कट म्हणजे मूळ कागदच हलवणं, आणि वाटेत लाईट गेली तर पंचाईत. लाईटीचा भरवसा तुम्हाला माहीतच आहे.

प्रत्येक कार्यक्रमाचा वेगळा फोल्डर करा, नावात तारीख आणि कार्यक्रम लिहा. कारण दोन कार्डांतल्या फोटोंना कॅमेरा एकसारखेच नंबर देऊ शकतो. एकाच फोल्डरमध्ये टाकायला गेलात तर कॉम्प्युटर विचारतो, 'जुन्याच्या जागी नवीन ठेवू का?' हो म्हटलं की जुना फोटो गेला.

फोटो आले, आता पुढे

कार्डातले फोटो किती आणि कॉम्प्युटरवर आले किती, आकडा जुळवा. बचतीचा हिशोब जुळवतो तसाच. पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून बघा. कार्ड ओढून काढू नका, आधी 'इजेक्ट' करा. मग पेनड्राईव्हवर दुसरी प्रत करा, ती दुसऱ्या घरी ठेवा. एवढं झाल्यावरच कार्ड रिकामं करा, आणि तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून.

दुकानातला कॉम्प्युटर वापरला असेल तर निघण्याआधी तिथले आपले फोटो डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. आपल्या लेकीसुनांचे फोटो परक्या कॉम्प्युटरवर राहायला नकोत. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला तर तो लहान होतो. छापायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

आणि चुकून डिलीट झालेच तर? तिथेच थांबा. कार्ड काढून बाजूला ठेवा. डिलीट केल्यावर फोटो लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा मोकळी आहे अशी नोंद होते. त्या जागेवर नवीन फोटो बसला की जुना कायमचा जातो. म्हणून नवीन काढायचे नाहीत. फोटोरेक नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे, जाणता माणूस त्याने फोटो परत काढून बघू शकतो. मिळालेले फोटो त्याच कार्डावर न ठेवता कॉम्प्युटरवर ठेवायला सांगा. सगळे मिळतीलच असं नाही, पण जितकी कमी छेडछाड तितकी आशा जास्त.

आता आक्कांचं सांगते. आम्ही कार्ड तसंच परत आणलं आणि कॅमेऱ्यात घातलं. सगळे फोटो होते. आमचं कार्ड ६४ जीबीचं, दुकानातला कॉम्प्युटर जुना, त्याला ते वाचता येत नव्हतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत कॅमेऱ्याच्या केबलने फोटो उतरवले. अहवाल गेला. आक्कांचा फोटो मोठा करून त्यांच्या मुलीला नेऊन दिला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "आई घरात अशी हसायची नाही. तुमच्यात हसायची."

मैत्रिणींनो, आपण काम करतो पण आपला फोटो क्वचित निघतो. निघालेला तरी जपून ठेवू या. गटाच्या पुढच्या बैठकीत कार्डाचा तो खटका एकमेकींना दाखवा, प्रत्येकीने एकदा खालीवर करून बघा. मी रजा घेते. नमस्कार.