पिकअप गाडीतील अग्निशामक : निवड, बसवणी व निगा

भाताची मळणी उरकली की रायगडच्या किनारपट्टीत पेंढ्याची वाहतूक सुरू होते. पुढे चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या निघतात, व त्यांतही पुष्कळदा पेंढाच घातलेला असतो. एकेकाळी बैलगाडीने होणारे हे काम आता बहुतेक ठिकाणी पिकअप गाडी करते. बैलगाडीत इंधन नव्हते, विजेच्या तारा नव्हत्या, की तापणारी धूरनळी नव्हती. पिकअपमध्ये ही तिन्ही आहेत, आणि त्यांच्यावरच सुक्या पेंढ्याचा भार रचला जातो.

अग्निशामक दलाचे बंब बहुधा शहरांत व नगरपरिषदांच्या गावी असतात. तेथून खाडीकाठच्या अरुंद रस्त्याने बंब पोहोचेपर्यंत गाडी उरत नाही. म्हणून पहिल्या मिनिटात हाती येईल असे योग्य जातीचे अग्निशामक गाडीत असणे अगत्याचे आहे.

कोणते घ्यावे

लाकूड, पेंढा, कापड यांची आग ‘ए’ वर्गात, डिझेल-पेट्रोलची ‘बी’ वर्गात व वायूची ‘सी’ वर्गात मोडते. गाडीत यांपैकी कोणतीही आग लागू शकते. यास्तव ‘एबीसी’ कोरड्या भुकटीचे अग्निशामक पसंत करावे. पाण्याचे अग्निशामक इंधनाच्या आगीवर घातक ठरते, कारण पेटलेले तेल पाण्यावर तरंगून पसरते. कार्बन डायॉक्साइडचा वायू उघड्यावर समुद्रवाऱ्याने विरून जातो, व त्याचे नळकांडेही जड असते.

साध्या मालवाहतुकीस किमान २ किलोचे, व नेहमी पेंढा वाहणाऱ्या गाडीस शक्य तर ४ ते ६ किलोचे अग्निशामक घ्यावे. २ किलोची भुकटी सुमारे दहा सेकंदांत संपते, हे ध्यानी असावे. विकत घेताना भारतीय मानक चिन्ह व आयएस १५६८३ हा क्रमांक पाहावा, तसेच दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात असल्याची खात्री करावी.

कोठे व कसे बसवावे

जागा अशी असावी की चालकास बसल्या जागेवरून, तसेच दार उघडून बाहेरूनही ते काढता यावे. आसनापुढील वा दाराजवळची जागा बहुधा सोयीची पडते. इंजिनाशेजारी बसवू नये, कारण आग तेथेच लागण्याचा संभव अधिक. मागील हौद्यात ठेवल्यास ते मालाखाली दडपते, शिवाय ऊन व खारे वारे खाते. मोकळे तर कधीच ठेवू नये. घरंगळत ब्रेकच्या पायपट्टीखाली गेल्यास अग्निशामकानेच अपघात होईल.

झटकन उघडणाऱ्या पट्ट्याचे पोलादी ब्रॅकेट घ्यावे. पातळ पत्र्यात नुसते स्क्रू पिळल्यास ते खड्ड्यांच्या हादऱ्यांनी निसटतात. पत्र्यामागे जाड पट्टी देऊन नटबोल्टने आवळावे. छिद्र पाडण्यापूर्वी मागे विजेची तार वा इंधनाची नळी नाही, हे पाहून घ्यावे. छिद्राच्या कडांस गंजरोधक रंग लावावा.

निगा

खाऱ्या हवेत नळकांड्याचा तळ व ब्रॅकेटखालील भाग प्रथम गंजतो. महिन्यातून एकदा ते काढून कोरड्या फडक्याने पुसावे व काटा, खीळ, नळी तपासावी. हादऱ्यांनी भुकटी तळाशी घट्ट बसते, म्हणून नळकांडे उलटे-सुलटे करून ती मोकळी करावी. गंजाचे खड्डे दिसल्यास ते बाद करावे. एकदा थोडेसे वापरले तरी पुन्हा भरून घ्यावे, कारण झडपेत भुकटी अडकून दाब उतरतो. गाडीवर पडलेली भुकटी दमट हवेत धातू खाते, तीही आग विझताच साफ करावी.

प्रसंगी काय करावे

गाडी घरे व पेंढ्याच्या उडव्यांपासून दूर थांबवून किल्ली बंद करावी व माणसे उतरवावीत. वारा पाठीशी घेऊन सुमारे दोन मीटरांवर उभे राहावे, खीळ ओढावी व ज्वालांच्या बुडाशी भुकटी झाडल्यासारखी फिरवावी. इंजिनाचे झाकण पुरते उघडू नये. किंचित फट करून आत फवारा सोडावा.

पेंढ्याची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. भुकटीने ज्वाला दबतात, पण निखारे निवण्यास पाणीच हवे. भार चांगलाच पेटला असेल तर त्यावर चढू नये. माल जावो, माणूस राहावा. दूर होऊन ११२ क्रमांकावर कळवावे.

उंच भार लोंबत्या तारेस लागला तर प्रथम विजेचे भय. गाडी पेटलेली नसेल तर आतच बसून वीजपुरवठा बंद होईपर्यंत थांबावे. पेटली असेल तर गाडी व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जुळवून उडी घ्यावी व पावले जुळलेलीच ठेवून सरकत दूर जावे. महावितरणास १९१२ वर कळवावे. वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेंढ्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील गाडीवाल्यांना एकत्र बोलवावे, मुदत संपत आलेले एखादे अग्निशामक मोकळ्या जागी वापरून दाखवावे व प्रत्येकाच्या हाती ते एकदा देऊन पाहावे. ज्याने खीळ एकदाही ओढलेली नाही, त्याचे ते दहा सेकंद खीळ शोधण्यातच जातात.