चूक क्षम्य, लपवाछपवी नव्हे : जर्मनीतील सुरक्षा तपासणी

म्युनिकच्या दक्षिणेस टाऊफकिर्खेन-ओटोब्रुन परिसरात संरक्षण व अवकाश क्षेत्रातील अनेक उद्योग आहेत. जर्मन नागरिकत्व स्वीकारलेल्या मराठी अभियंत्याला तेथील गोपनीय प्रकल्पावर काम करायचे असेल, तर पदवी आणि अनुभव पुरेसे ठरत नाहीत. १९९४ च्या सुरक्षा तपासणी कायद्यानुसार त्याची चौकशी होते. साधी, विस्तारित आणि प्रत्यक्ष चौकशीसह विस्तारित अशा तिच्या तीन पातळ्या असून वरच्या दोन पातळ्यांत जोडीदाराचीही तपासणी केली जाते.

चौकशीचा पाया म्हणजे अर्जदाराने स्वतः भरून दिलेले सुरक्षा निवेदनपत्र. पूर्वीचे नागरिकत्व, परदेशातील वास्तव्य, आर्थिक अडचणी, प्रलंबित फौजदारी चौकशी आणि परदेशात झालेल्या शिक्षा यांची माहिती त्यात द्यावी लागते.

येथे घात करते ती बहुधा क्षुल्लक वाटणारी गोष्ट. उदाहरणार्थ, जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यावर भारतीय वाहनपरवाना सहा महिनेच चालतो. त्यानंतर गाडी चालवणे हा केवळ वाहतूक नियमभंग नसून फौजदारी गुन्हा आहे. पोलिसांचे पत्र येऊनही ‘साधा दंडच होईल’ असे समजून अर्जदार तो रकाना कोरा सोडतो. मात्र तपासयंत्रणा शिक्षांची केंद्रीय नोंदवही आणि सरकारी वकिलांकडील प्रकरणांची नोंदवही, दोन्ही पाहते. नोंद सापडली की प्रश्न गाडीचा उरत नाही, अर्जदाराच्या शब्दाचा होतो.

कायद्याच्या दृष्टीने विश्वासार्हतेविषयी शंका निर्माण करणारी तथ्ये हीच सुरक्षा जोखीम असते आणि जाणूनबुजून दिलेले खोटे उत्तर त्यांत मोडते. त्यासाठी न्यायालयात दोषी ठरण्याची आवश्यकता नसते. शंका कायम राहिल्यास सुरक्षेच्या हिताला प्राधान्य मिळते, असे कायदाच सांगतो.

मात्र हाच कायदा अर्जदाराला संरक्षणही देतो. ज्या उत्तरामुळे स्वतःवर किंवा जवळच्या नातलगावर फौजदारी कारवाईचा धोका ओढवेल, ते उत्तर नाकारण्याचा त्याला अधिकार आहे. प्रतिकूल निर्णयापूर्वी बाजू मांडण्याची संधीही मिळते. थोडक्यात, मौनाला मुभा आहे, असत्याला नाही.

म्युनिक विमानतळाच्या सुरक्षित भागात काम करणाऱ्यांनाही हेच सूत्र लागू पडते. त्यांची तपासणी हवाई सुरक्षा कायद्याच्या सातव्या कलमाखाली होते. नागरिकत्वाच्या अर्जात तर याहून मोठी किंमत मोजावी लागते : खोट्या माहितीबद्दल पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि फसवणुकीने मिळवलेले नागरिकत्व दहा वर्षांपर्यंत काढून घेता येते.

म्हणूनच ‘एवढे कशाला लिहायचे?’ हा मित्रांचा सल्ला ऐकण्याआधी जुनी पत्रे चाळावीत, शंका असल्यास वकिलाला विचारावे आणि मगच सही करावी. कबूल केलेल्या चुकीचे वय व गांभीर्य पाहिले जाते. लपवलेली चूक मात्र अर्जाच्या दिवशी नव्याने घडते.