शून्य आठ किलोचा हिशेब

"दहातल्या नऊ चुका मोकळ्या जागेच्या असतात," असं म्हणत सरांनी पडद्यावरच्या बरोबरच्या चिन्हावर बोट ठेवलं. चिन्हाच्या अलीकडे एक स्पेस होती, पलीकडे एक. गणिताच्या वहीत आपण असंच सुटं लिहितो, म्हणून समोरच्या मुलीनंही तसं लिहिलं होतं. बॅश या प्रोग्रामला ते खपत नाही. चिन्हाआधीचा शब्द म्हणजे एखादी आज्ञा असणार असं तो धरून चालतो, तशी आज्ञा शोधतो आणि 'कमांड नॉट फाउंड' म्हणून मोकळा होतो. मुलीनं दोन्ही जागा खोडल्या. तीच ओळ मुकाट चालली.

उमरग्याच्या या संगणकवर्गात मी गेलो ते एका फोटोमुळे. ओळखीच्या एका शेतकऱ्यानं मोबाइलवर दाखवला होता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सोयाबीनचं वजन, भाव, रक्कम, आणि सगळ्यात खाली एक प्रश्न: 'हिशेब पटला का?' त्यांच्या पुतणीनं कॉलेजात शिकताशिकता केलेला तो छोटा प्रोग्राम होता. "इतकी वर्षं आडतीवर माल घालायलोय, पट्टीनं असं कधी इचारलं न्हाई," ते म्हणाले. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर हा वर्ग भरतो. खाली भुसाराचं दुकान आहे. सोयाबीनच्या कट्ट्यांचा कोरडा, धुळकट वास जिन्यातून वर येतो आणि दार लावलं तरी राहतो. यंत्रं सगळी जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. नवी विंडोज त्यांना झेपत नाही, म्हणून त्यांच्यावर लिनक्स टाकलेलं आहे. इथून कर्नाटकाची हद्द जवळ. वर्गात कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी दखनी. पडद्यावरची भाषा मात्र सगळ्यांनाच परकी, त्यामुळे इथं कुणी पुढं नाही नि कुणी मागं नाही.

शेल म्हणजे आपण टंकलेली आज्ञा संगणकाच्या गाभ्यापर्यंत पोचवणारा मधला प्रोग्राम. बॅश हा त्यातला सर्वांत रुळलेला. ब्रायन फॉक्स यांनी तो ग्नू प्रकल्पासाठी लिहिला आणि १९८९ साली तो बाहेर आला. त्याच्या आधीचा स्टीफन बॉर्न यांचा शेल १९७९ चा, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधला. अशा आज्ञा एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट. फाइलच्या पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह घालून बॅशचा पत्ता द्यायचा, फाइल जतन करायची, सीएचमॉडनं तिला चालण्याची परवानगी द्यायची. हे सगळं एका बैठकीत येतं.

खरी गंमत 'रीड' या आज्ञेपाशी सुरू होते. तोवर मुलांनी 'इको' वापरून पडद्यावर काय काय छापलेलं असतं: नमस्कार, स्वतःचं नाव, गावाचं नाव. यंत्र बोलतं आणि थांबतं, संपलं. 'रीड' आलं की यंत्र प्रश्न विचारतं आणि वाट बघत बसतं. कर्सर लुकलुकत राहतो. कुणीतरी काहीतरी टंकून एंटर दाबेपर्यंत पुढची ओळ चालत नाही, मग एक मिनिट जावो की एक तास. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडला, "सर, हँग झालं!" सर म्हणाले, "हँग न्हाई झालं, तुझ्यासाठी थांबलंय ते." मुलगा पडद्याकडे बघत राहिला. मग त्यानं नाव टंकलं आणि त्याच्या नावानं उलट नमस्कार आला. त्या क्षणी त्याचा चेहरा जसा झाला, तसा मी कुठल्याही परीक्षेच्या निकालात कुणाचा पाहिलेला नाही.

'रीड'ला उत्तर साठवायला तीन कप्पे दिले तर तो मोकळ्या जागेवर तोडून स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव वेगवेगळं ठेवतो. मराठी माणसाच्या नावासाठीच केल्यासारखी ही सोय वाटते. पण कुणी नुसतंच पहिलं नाव लिहिलं तर उरलेले दोन कप्पे रिकामे राहतात, आणि कुणी चार शब्द लिहिले तर तिसऱ्यापासून पुढचं सगळं शेवटच्या कप्प्यात एकत्र पडतं. इथंही मोकळी जागाच. दहातल्या नऊ, मी मनात म्हटलं.

ती पुतणी खिडकीपाशी बसते. घरी संगणक नाही. मोबाइलवर टर्मक्स नावाचं अॅप घेऊन त्यात ती रात्री बॅशचा सराव करते आणि दुपारी इथं येऊन तेच मोठ्या पडद्यावर नीट करते. फोटोतली स्क्रिप्ट तिचा पहिला प्रयत्न होता. मी गेलो तेव्हा ती मोडत होती. मोडत होती म्हणजे स्वतः मोडत नव्हती, शेजारणीला मोडायला लावत होती. सरांचा तसा दंडकच आहे: आपली स्क्रिप्ट आपण चालवायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि त्यानं काहीही टंकलं तरी गप्प बसायचं.

शेजारीण चांगलीच खोडकर निघाली. 'किती क्विंटल?' या प्रश्नाला तिनं काहीच न टंकता एंटर दाबलं. पडद्यावर 'युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड' आलं. "हे काय म्हणायलंय?" पुतणीनं विचारलं. उत्तर रिकामं आल्यामुळे तुलनेतली एक बाजूच गायब झाली होती. दुसऱ्या वेळी शेजारणीनं इंग्रजी अक्षरांत 'बारा' लिहिलं. या वेळी गणिताच्या ओळीनं एकही तक्रार केली नाही. क्विंटल शून्य धरले आणि रक्कम शून्य रुपये छापून स्क्रिप्ट संपली. बॅशच्या हिशेबात अनोळखी इंग्रजी शब्द म्हणजे रिकामा कप्पा, आणि रिकामा कप्पा म्हणजे शून्य. मला हे त्या उघड चुकांपेक्षा जास्त भयंकर वाटलं. चूक झाल्याचं यंत्र सांगतं तोवर ठीक. न सांगता शून्य रुपयांची पट्टी हातात दिली तर?

मग १२.५ टंकलं. बॅशला अपूर्णांक येतच नाहीत, त्याचं सगळं गणित पूर्णांकांचं. यावर तिनं काढलेली वाट मला फार आवडली. तिनं क्विंटल आणि किलो वेगवेगळे विचारले, जसे काट्यावर तोंडी सांगतात तसे, आणि सगळ्याचे किलो केले. भाव म्हणून तिनं ४८९२ घातला होता, २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव. त्या हंगामात बाजारात बहुतेक ठिकाणी त्याच्या खालीच भाव होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "सरावाला तरी ४८९२ धरते," ती म्हणाली.

१२ क्विंटल ४५ किलो, म्हणजे १२४५ किलो. गुणिले ४८९२, भागिले १००. उत्तर आलं ६०,९०५ रुपये. तिनं कागदावर मांडून बघितलं तर ६०,९०५ रुपये ४० पैसे. "चाळीस पैसे कुठं गेले?" पूर्णांकांच्या भागाकारात बाकी गळून पडते, आणि ती बाकी टक्क्याच्या चिन्हानं वेगळी मागून घेता येते, हे सरांनी सांगितलं. मागितली तर नेमके ४० आले. चाळीस पैशांची आज काही किंमत नाही. तरी ते सापडेपर्यंत ती मुलगी जागची हलली नाही. ती हिशेबाची माणूस आहे, हे मला तिथं कळलं.

आणि मग ते शून्य आठ. शेजारणीनं १२ क्विंटल ०८ किलो असं लिहिलं, कारण पट्टीवर किलो दोन आकडी लिहायची पद्धत आहे. ०७ चाललं होतं. ०८ वर अडकलं: 'व्हॅल्यू टू ग्रेट फॉर बेस'. ०९ वरही तेच. १० पुन्हा सुरळीत. किलो शंभराच्या आत आहेत का, ही तिनं घातलेली तपासणीसुद्धा ०८ पार करत होतं, अडकत होतं फक्त गुणाकाराच्या ओळीत. वर्गातली सगळी मुलं त्या यंत्राभोवती जमली. या वेळी मोकळ्या जागेचा काही संबंध नव्हता. दहातली ती दहावी चूक होती.

आकड्याच्या आधी शून्य असलं की बॅशचा हिशेब तो आकडा अष्टमान पद्धतीचा समजतो, आणि त्या पद्धतीत ८ आणि ९ हे आकडेच नाहीत. सरांनी आण्यांचं उदाहरण दिलं: पंधरा आण्यांनंतर सोळावा आणा नसायचा, रुपया व्हायचा. १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत आपलाही हिशेब दहाचा नव्हता. अष्टमानात तसं सातानंतर थेट दहा. हे वळण जुनं आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्सला सुरुवात केली तेव्हा त्यांच्या पीडीपी यंत्रांवर अष्टमानाची चाल होती. पुढे सी भाषेत ती शून्याची खूण राहिली आणि सीच्या धर्तीवर बॅशच्या अंकगणितातही. न्यू जर्सीतल्या त्या सवयीत उमरग्यातले आठ किलो सोयाबीन अडकले होते. उपाय एवढासा: कप्प्यातल्या आकड्याआधी १०# लिहायचं, म्हणजे हा आकडा दहाच्याच पद्धतीचा, असं बजावून सांगायचं. ५९,०९५ रुपये ३६ पैसे.

हे सगळं आज चॅटबॉटला विचारलं तर तो पूर्ण स्क्रिप्ट क्षणात लिहून देतो. मुलांना ते माहीत आहे, सरांनाही. पहिली स्क्रिप्ट हातानं, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असं ते म्हणतात, आणि मला ते पटतं. आयत्या स्क्रिप्टमध्येही ०८ ची खोच राहू शकते. ती काट्यावरच्या माणसापुढं उघडी पडेल, तेव्हा तिथं कारण सांगायला कुणी हवं.

शेवटी तिनं केलेला एक बदल सांगतो, कारण माझं मन तिथंच घोटाळतं. घरी मोबाइलवर काकांनी स्वतः आकडे घातले ते मराठी कळफलकावरून, म्हणजे मराठी आकड्यांत. बॅशनं ते नाकारले. त्याला इंग्रजी आकडेच कळतात. 'कृपया इंग्रजी आकडे घाला' अशी एक ओळ छापली असती तरी काम भागलं असतं. तिनं तसं केलं नाही. 'सेड' ही आज्ञा वापरून आलेला प्रत्येक मराठी आकडा आधी इंग्रजीत बदलून घेतला आणि मगच हिशेबाला दिला. "कामून काकांनी बदलायचं?" ती म्हणाली. टर्मिनलमध्ये 'क्विंटल'चं जोडाक्षर तुटून दिसतं, तेही तिला डाचतं, पण तिनं प्रश्न मराठीतच ठेवले आहेत.

ज्यांना हे शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही फुकट मिळतात, आणि बॅशलाही पैसे पडत नाहीत. साधनांची अडचण फारशी उरलेली नाही. अडचण आपल्या परीक्षांची आहे. २००१ पासून एमएस-सीआयटीनं महाराष्ट्रातल्या लाखो लोकांचा हात माउसवर आणला, ते मोठंच काम झालं. पण पुढच्या वर्गांतही प्रॅक्टिकल म्हणजे जर्नलमधला छापील प्रोग्राम पुन्हा उतरवणं, बरोबर उत्तर देऊन एकदा चालवून दाखवणं आणि सही घेणं, इतकंच बहुतेक ठिकाणी उरलं आहे. संगणक शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: प्रॅक्टिकलच्या दिवशी प्रत्येकाची स्क्रिप्ट शेजाऱ्याला चालवायला द्या, त्याला रिकामं एंटर दाबू द्या, ०८ टंकू द्या, मराठी आकडे घालू द्या, आणि त्यानंतर ती स्क्रिप्ट काय बोलते त्यावर गुण द्या.