छायाचित्राची चौकट

प्रस्तावना

आज बहुतेकांच्या हाती मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. छायाचित्र काढणे ही दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. तरीही एकाच समारंभात दोघांनी टिपलेल्या छायाचित्रांपैकी एकावर नजर खिळून राहते, तर दुसऱ्यावरून ती सहज सरकून जाते. या फरकाचे कारण पुष्कळदा कॅमेऱ्याच्या किमतीत नसून छायाचित्राच्या रचनेत असते. रचना म्हणजे काय आणि ती कशी साधावी, हे प्रस्तुत पाठात आपण पाहणार आहोत.

डोळा आणि कॅमेरा

मनुष्याचा डोळा मनाच्या संगतीने पाहतो. आजीशी बोलताना आपले लक्ष तिच्या चेहऱ्यावर असते. तिच्यामागे वाळत घातलेले कपडे, भिंतीवरील कॅलेंडर, विजेची तार यांकडे आपले ध्यानही जात नाही. कॅमेरा मात्र चेहरा आणि तार सारख्याच निष्ठेने टिपतो. चित्रकारापुढे कोरा कागद असतो व त्यावर तो एकेक वस्तू आणतो. छायाचित्रकारापुढे भरलेले जग असते व त्यातून त्याला नको ते वगळावे लागते. चौकटीत काय ठेवायचे, काय गाळायचे, कोठे उभे राहायचे आणि कोणत्या क्षणी कळ दाबायची, या निर्णयांतून रचना आकाराला येते.

एका छायाचित्राची घडण

मार्च १९३६ मधील एक उदाहरण पाहू. अमेरिकेत तेव्हा महामंदीचा काळ होता. शासनाच्या एका खात्यासाठी काम करणाऱ्या छायाचित्रकार डोरोथिया लँग कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणा खुडणाऱ्या स्थलांतरित मजुरांच्या छावणीत गेल्या. पीक नष्ट झाल्यामुळे मजुरांना काम उरले नव्हते. तेथे एक स्त्री आपल्या मुलांसह कापडी आडोशाखाली बसली होती. लँग यांनी तिची एकामागून एक काही छायाचित्रे घेतली.

आरंभीच्या छायाचित्रात अंतरावरून सारेच दिसते : संपूर्ण तंबू, उघडी जमीन, डोलखुर्चीवर बसलेली मोठी मुलगी. माहिती पुष्कळ मिळते. पण नजर कोठे स्थिरावत नाही. लँग जवळ जवळ जात राहिल्या. जगप्रसिद्ध झालेल्या छायाचित्रात चौकटीत उरतात ती आई, तिच्या मांडीवरील तान्हे बाळ आणि तिच्या खांद्यांना बिलगलेली दोन मुले. या दोन मुलांनी तोंडे मागे फिरवली आहेत, त्यामुळे आपली नजर आईच्या मुद्रेवरच जाते. गालाशी टेकलेला तिचा हात त्या नजरेला वाट दाखवतो. ती स्वतः चौकटीबाहेर कोठेतरी पाहत आहे. ती कशाचा विचार करत असेल, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. तंबू जवळजवळ नाहीसा झाला, पण दारिद्र्य अधिक ठळक झाले.

रचनेची काही सूत्रे

या उदाहरणावरून पहिले सूत्र मिळते : विषय एकच असावा आणि त्याच्या जवळ जावे. मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी दृश्य मोठे केले, तर पुष्कळदा तपशील पुसट होतात. म्हणून शक्य असेल तेथे आपणच दोन पावले पुढे टाकावीत. कळ दाबण्यापूर्वी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवावी. मागे खांब किंवा तार असेल, तर अर्धे पाऊल बाजूला सरकल्यानेही पार्श्वभूमी स्वच्छ होते.

दुसरे सूत्र तृतीयांशाचे. चौकटीवर दोन उभ्या व दोन आडव्या रेषा आखून तिचे नऊ समान भाग कल्पावेत. रेषा जेथे एकमेकींना छेदतात, त्या चार बिंदूंपैकी एकाजवळ मुख्य विषय ठेवल्यास चित्राला तोल आणि गती दोन्ही लाभतात. बहुतेक मोबाइलमध्ये या रेषा पडद्यावर दिसण्याची सोय असते. समुद्राच्या छायाचित्रात क्षितिज मध्यावर न ठेवता आकाश मोलाचे असेल तर खाली, लाटा मोलाच्या असतील तर वर घ्यावे. हे सूत्र म्हणजे कायदा नव्हे. पाण्यातील प्रतिबिंबासारखे समतोल दृश्य मध्यभागीच शोभते.

तिसरे सूत्र प्रकाशाचे. भर दुपारचा प्रकाश डोळ्यांखाली गडद सावल्या पाडतो. सकाळी व सायंकाळी सूर्य खाली असताना तिरप्या किरणांमुळे सुरकुत्या, दगड, कापडाचा पोत खुलून दिसतो. घरात खिडकीशेजारी बसवलेल्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर एका बाजूने मऊ प्रकाश पडतो.

चौथे सूत्र उंचीचे. मुलाचे छायाचित्र उभ्यानेच घेतले, तर ते वरून पाहिलेले, अधिकच लहान भासते. गुडघे टेकून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आल्यास त्याचे जग आपल्यापुढे उघडते.

पाचवे सूत्र क्षणाचे. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९३२ मधील पॅरिसच्या छायाचित्रात एक माणूस साचलेल्या पाण्यावरून उडी घेत आहे. त्याची टाच पाण्याला स्पर्श करण्याच्या बेतात आहे. किंचित उशीर झाला असता, तर खालचे स्वच्छ प्रतिबिंब मोडले असते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) ज्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्याने काम करत, त्याच्या एका फिल्मवर बाराच छायाचित्रे निघत. प्रत्येक कळ मोजून दाबावी लागे. आज ती मर्यादा नाही. परंतु थांबून पाहण्याची सवय आजही तितकीच उपयोगी आहे.

चौकटीतील माणूस

निपोमोची छायाचित्रे त्याच महिन्यात वृत्तपत्रात प्रसिद्ध झाली आणि छावणीकडे अन्नधान्य रवाना झाले. ते पोहोचेपर्यंत ती माता मुलांसह पुढे निघून गेली होती. लँग यांनी तिचे नाव विचारले नव्हते. १९७८ मध्ये ते जगाला कळले : फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. आपला चेहरा जगभर पोहोचला, पण आपल्या पदरात काहीच पडले नाही, अशी खंत तिने व्यक्त केली.

चौकट आखताना आपण जे वगळतो, त्यात कधी कधी माणसाचे नाव आणि त्याची इच्छाही वगळली जाते. पार्श्वभूमी गाळणे ही कला आहे. समोरच्या व्यक्तीची संमती गाळणे मात्र अन्याय होय. म्हणून व्यक्तीचे छायाचित्र घेण्यापूर्वी तिला विचारावे, घेतल्यावर तिला ते दाखवावे आणि तिचा नकार असेल, तर कॅमेरा खाली ठेवावा. उत्तम छायाचित्रकाराची नजर जितकी तीक्ष्ण, तितकीच ती सहृदय असावी लागते.

करून पाहा

१. घरातील एकाच व्यक्तीची तिच्या संमतीने पाच छायाचित्रे घ्या. प्रत्येक वेळी एक पाऊल जवळ जा. कोणत्या चौकटीतून काय गळाले आणि काय ठळक झाले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. एकच झाड किंवा दार सकाळी, दुपारी व सायंकाळी टिपा आणि प्रकाशामुळे पडलेला फरक सांगा.

३. ‘पार्श्वभूमी गाळणे ही कला आहे, संमती गाळणे मात्र अन्याय होय,’ या विधानाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.