भाकरी बांधून बालाघाटात

सोलापूरच्या माणसाला ‘डोंगर बघायला कुठं जायचं?’ असं विचारा, तो महाबळेश्वरचं नाव घेईल. अडीचशे किलोमीटरच्या वर गाडी हाकायची, एकामागून एक पॉइंट उरकायचे, रात्री हॉटेलात पनीर मागवायचं आणि येताना स्ट्रॉबेरीचा खोका आणायचा. त्यात वाईट काही नाही, मीही ते केलं आहे. पण आपल्या उंबऱ्यापासून तासाभरावर बालाघाट उभा आहे, आणि त्याच्याकडे आपण देवदर्शनापुरतेच जातो. श्रोतेहो, आज त्या डोंगराबद्दल आणि तिथल्या जेवणाबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत.

सह्याद्रीची एक फांदी हरिश्चंद्रगडाकडून आग्नेयेला निघते आणि अहिल्यानगर, बीड, धाराशिव करत आपल्याकडे उतरत येते. तिच्या एका अंगाला पडलेलं पाणी गोदावरीला मिळतं, दुसऱ्या अंगाचं भीमेला. हाच बालाघाट. याला कोकणकड्यासारखे सुळके नाहीत. काळ्या दगडाचा, सपाट माथ्याचा, लांबच लांब पसरलेला डोंगर. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे सहा-सातशे झाला तरी माणसं खूश असतात. सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होऊन येतात, त्याला ते तरी काय करणार! म्हणून बालाघाट वर्षाचे सात महिने पिवळा, करडा दिसतो आणि जून ते ऑक्टोबर असा हिरवा होतो की ओळखू येत नाही.

हे पाण्याचं गणित ध्यानात घेतलं की इथं काय बघायचं आणि काय खायचं, ते दोन्ही कळतं. कमी पाण्यात जे येतं तेच इथल्या ताटात असतं. ज्वारी, तूर, शेंगदाणा. उभ्या दगडातून वर येणारं सीताफळ. काट्याकुट्यावर जगणारी काळी उस्मानाबादी शेळी, जी बऱ्याचदा जुळी देते. गरीब घराला तिचा केवढा आधार! शेतीचा भरवसा नाही म्हणून दूध, आणि दूध फार म्हणून खवा. भूम, वाशी भागात लाकडाच्या जाळावर मोठ्या कढया दिवसभर चालू असतात. कुंथलगिरीच्या खव्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो पेढा खाल्ला नसेल तर त्या रस्त्यानं गेलात याला काही पुरावा नाही, असं मी मित्रांना म्हणतो.

तुळजापूर आपल्याला पाठ आहे. सोलापूरपेक्षा दीडशे मीटरहून अधिक उंच, पंचेचाळीस किलोमीटर. कोजागरीच्या सुमाराला हजारो माणसं रात्रभर चालत घाट चढतात. त्यात कर्नाटकातून आलेलीही पुष्कळ असतात. यंत्रमागावरच्या दोस्तांबरोबर मीही ती वाट तीनदा चाललो आहे. वाटेत जागोजाग चहा, केळी, खिचडी. चहा देणारा नाव विचारत नाही, साखर किती ते विचारतो. घाटाच्या वरच्या वळणावर थांबून मागं बघावं, सोलापूरच्या बाजूचे दिवे जमिनीवर सांडल्यासारखे दिसतात. एरवी गाडीनं जाणारा तिथं थांबत नाही, कारण त्याला दर्शनाची रांग गाठायची असते.

पण मला खरं सांगायचं आहे ते नळदुर्गचं. हैदराबादच्या रस्त्यावर, तेवढ्याच अंतरावर. किल्ला डोंगरमाथ्यावर असला तरी त्याचं मर्म खाली बोरी नदीत आहे. किल्ला आणि समोरचं रणमंडळ यांच्यामध्ये नदीवर दगडी बांध घातला आहे आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे. पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली तो बांधला गेला. हा राजा स्वतः कवी आणि गाणारा. ‘किताब-ए-नौरस’ हा त्याचा दखनी गीतांचा ग्रंथ, आणि त्यात सरस्वतीची स्तुती आहे. लोक त्याला जगद्‌गुरू म्हणत. माझ्या घरातली भाषा दखनी आणि लिहिण्याची मराठी, त्यामुळं या राजाशी माझं उगाचच नातं लागतं.

महालाची युक्ती अशी. बांध चांगला रुंद आहे. वरून पायऱ्या त्याच्या आत उतरतात आणि तुम्ही भिंतीच्या जाडीत असलेल्या दालनात येता. दालनाची खिडकी नदीच्या उताराकडच्या बाजूला उघडते. मागं अडवलेलं पाणी पूर्ण भरलं की बांधावर मुद्दाम ठेवलेल्या दोन वाटांनी ते खाली उडी घेतं. एकीचं नाव नर, दुसरीचं मादी. पाणी भिंतीला चिकटून न येता पुढं झेपावतं, म्हणून आत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही. डोक्यावरून नदी चालली आहे, कानात तिचाच आवाज, आणि कपडे कोरडे. चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी पाण्याला लावलेली ही शिस्त बघितली की आपल्या आजच्या गच्च्या का गळतात, हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

अडचण एकच. नर-मादी रोज वाहत नाहीत. वरच्या अंगाला बोरीचं धरण आहे. ते भरून सांडलं तरच पाणी इथवर येतं. चांगल्या पावसाच्या साली ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काही दिवस. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्या आधीच्या पावसाळ्यात इथं काय वाहणार?

माझे अब्बा यंत्रमागावर होते. वर्षातून एकदा, सुट्टीच्या दिवशी, आम्हा भावंडांना एसटीनं नळदुर्गला न्यायचे. अम्मा पहाटे उठून कडक भाकरी, शेंगाचटणी, कांदा फडक्यात बांधून द्यायची. चार वर्षं गेलो, चारही वर्षं बांध कोरडा. आम्ही पायऱ्या उतरून खिडकीतून खालचे दगड बघायचो. धाकटा भाऊ रडवेला झाला की अब्बा म्हणायचे, ‘‘पानी नै आया तो नै आया, महल तो कहीं गया नै!’’ मग उपळी बुरुजाच्या सावलीला बसून भाकरी खायची, वर चढून त्या अजस्र तोफांवर हात फिरवायचा आणि पाचची गाडी धरायची. सारा मुलूख त्या बुरुजावरून दिसतो. अब्बा 2003 मध्ये गेले. नर-मादी त्यांनी पाहिल्या नाहीत.

आता जेवणाचं. या महामार्गावर ढाबे पुष्कळ झाले. मध्यंतरी एका ठिकाणी बसलो आणि ज्वारीची भाकरी मागितली. पोरगा म्हणाला, ‘‘काका, बटर नान आहे, तंदुरी आहे.’’ बाहेर चहूकडं ज्वारीची रानं! दोष त्या पोराचा नाही, आपण मागत नाही म्हणून ते ठेवत नाहीत. मागितलं तर मिळतं, हे मी अनुभवानं सांगतो. रस्त्याकडेच्या छोट्या खानावळीत, जिथं घरच्याच बाई चुलीपुढं असतात, तिथं बसावं आणि शेंगाभाजी आहे का विचारावं. शेंगदाण्याच्या कुटाची दाट, तिखट भाजी, वर तेलाचा तवंग, सोबत हातावर थापलेली भाकरी. मटण असेल तर काळ्या मसाल्याच्या रश्शाचं, त्याच उस्मानाबादी शेळीचं. पुढच्या बेंचावर ट्रक ड्रायव्हर असेल तर निश्चिंत मनानं जेवा.

नवरात्राच्या मागंपुढं घाटात बायका पाट्या घेऊन बसतात, त्यात सीताफळं असतात. घासाघीस जरूर करा, पण फळ दाबून बघू नका. एक मावशी मला म्हणाल्या होत्या, ‘‘भाऊ, दाबायचं असंल तर पैसं आधी द्या.’’ त्यांचं बरोबर होतं. हिवाळ्यात गेलात तर हुरडा. शेतात गोवऱ्यांची आगटी, राखेतून काढलेलं कणीस, हातावर मळून फुंकर मारलेले हिरवे गरम दाणे, बरोबर गूळ आणि दही. याला हॉटेल लागत नाही, ओळख लागते. ती एकदा झाली की दरवर्षी निरोप येतो.

येडशीजवळचं रामलिंग पुढच्या खेपेला ठेवा. सोलापूर-बीड रस्त्यानं ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, दरीतलं मंदिर, भोवती 1997 पासूनचं अभयारण्य, पावसाळ्यात धबधबा आणि बारमाही माकडं. जटायूची समाधी इथं आहे असं मानतात. खाण्याची पिशवी मात्र हातात धरून हिंडू नका.

2022 च्या सप्टेंबरात नळदुर्गच्या ओळखीच्या चहावाल्याचा सकाळी फोन आला, ‘‘भाऊ, पाणी आलंय. आज या, उद्याचं सांगता येत नाही.’’ अम्मा तेव्हा ऐंशीच्या पुढची. तिला घेऊन निघालो. पायऱ्या उतरणं तिला शक्य नव्हतं, म्हणून मी तिला बांधाजवळ वरच एका दगडावर बसवलं आणि मुलीबरोबर खाली गेलो. खिडकीशी गर्दी होती, आवाज एवढा की मुलगी काय म्हणते ते ऐकू येईना. दहा मिनिटांत वर आलो. अम्मा तशीच बसली होती, डोळे मिटून, ओढणीवर तुषार.

‘‘अब्बा होते तो नीचे जाते,’’ ती म्हणाली, आणि पिशवीतलं फडकं सोडायला लागली. मी तिला म्हटलं होतं की काही बांधू नकोस, बाहेर जेवू. तिनं ऐकलं नव्हतं.